हळू स्नायू

"दाखवा मला," वहिनी दारातूनच म्हणाली. तिच्या पायांत दोन वेगवेगळ्या जोडांतल्या चपला होत्या.

चूक नणंदेचीच होती. सकाळी दादा गेला. त्याने आधीच सांगून ठेवल्याप्रमाणे त्याच्या पायातल्या स्नायूंचे दोन तुकडे तिच्या प्रयोगशाळेत आले, आणि दुपारी फोनवर तिच्या तोंडून निघून गेलं, "स्नायू अजून जिवंत आहे, वहिनी." प्रयोगशाळेत हा शब्द उठताबसता वापरतात. विजेला प्रतिसाद दिला की जिवंत, नाही दिला की टाकून द्यायचा. वहिनीने मात्र तो शब्द घट्ट धरला आणि दादाला हलवूच देईना. शवागाराबाहेर सगळे ताटकळत होते.

थंड द्रावणाच्या दोन काचपात्रांत दोन बारीक पट्ट्या दोऱ्याने ताणून बांधल्या होत्या. एक झटकन आखडणाऱ्या स्नायूची, दुसरी सावकाश आखडणाऱ्या स्नायूची. नणंदेने बटण दाबून धरलं. पट्ट्या आखडल्या, पडद्यावरच्या दोन रेषा वर चढल्या.

"हलतायत की हो!" वहिनीचा आवाज चिरकला. "आणि तुम्ही सगळे त्यांना न्यायला निघालात!"

"ती वीज आहे, वहिनी. दादा नाही."

"मग बंद करा ती वीज."

नणंदेने बटण सोडलं. पहिली रेषा धपकन खाली आली. दुसरी मात्र रेंगाळली, हळूहळू उतरत राहिली. वहिनीने टेबलाची कड घट्ट पकडली.

"हा स्नायू सैल पडायला वेळ घेतो," नणंद घाईघाईने म्हणाली. "थंड असला की जास्तच. सगळ्यांचाच घेतो."

रेषा तळाला टेकली. वहिनीने टेबलाची कड सोडली.

"हेही असेच. निघतो निघतो म्हणायचे आणि दारातच गप्पा मारत उभे राहायचे," ती म्हणाली. मग तिने डोळे पुसले. "सांगते सगळ्यांना, न्या म्हणून. येताय ना, वन्सं?"

"तुम्ही व्हा पुढे. मी एवढं आवरून आलेच."

जिन्यावरची पावलं ऐकू येईनाशी झाली. आवरण्यासारखं फारसं काही नव्हतं. प्रयोग केव्हाच संपला होता. यात जीव नसतो, नुसतं रसायन असतं, हे ती येणाऱ्या-जाणाऱ्याला समजावून सांगायची आणि तिला ते मनापासून पटलेलंही होतं.

तिने दाराला आतून कडी घातली. "दादा," अशी हाक मारली आणि बटण दाबलं.