चाल कळण्यापुरतं

विभावरीने माइकसमोर श्वास घेतला की लॅपटॉपच्या पडद्यावरची आवाज मोजणारी हिरवी पट्टी जेमतेम एक रेघ वर सरकायची. पंखा बंद होता आणि खिडकीवर दोन रजया टांगल्या होत्या, त्यामुळे खोलीत तिच्या श्वासाखेरीज आवाजच उरला नव्हता.

गाणी तिची असत, गळा मात्र धाकट्या नणंदेचा. चाल कळण्यापुरतं विभावरी स्वतः कच्चं गाऊन ठेवायची. मग केतकी येऊन तेच नीट गायची आणि कच्चं पुसलं जायचं. 'माझा आवाज भसाडा आहे,' हे विभावरीने इतकी वर्षं सांगितलं होतं, की आता कुणी विचारतही नव्हतं. पण आपलं एक तरी गाणं आपणच गावं, हे तिच्या मनातून जात नव्हतं.

आज केतकीने हेडफोन लावून कच्चं ऐकलं. अंतऱ्यापाशी मांडीवर ताल धरणारी तिची बोटं थांबली. गाणं संपलं तसं तिने ते पुन्हा पहिल्यापासून लावलं.

"चुकलंय का कुठे?" विभावरीने विचारलं.

"दुसऱ्या ओळीत निषाद जरा उतरलाय. बाकी वहिनी, मला उगाच एवढ्या उन्हात बोलावलंस. यात मी गायचं काय उरलंय? माझा सूर चोख लागेल, पण हे असं नाही व्हायचं."

विभावरीच्या कानाच्या पाळ्या तापल्या. तिला हसू आवरेना. तिने माइक आपल्याकडे ओढून घेतला.

"निषाद पुन्हा घेते. तू दाराबाहेर बस, तुझ्या बांगड्या वाजतात," ती म्हणाली. "हे गाणं मी गाणार आहे."