बोरकुटाची करंजी

काटा मागेच सरकला होता. पुष्पा नर्सबाईंनी वच्छलाला खाली उतरवलं, काट्याला दोन चापट्या मारल्या आणि पुन्हा वर चढवलं. काटा जिथल्या तिथे. सातवा महिना लागलेला, पोट पुढे आलेलं, आणि पोरीचं वजन गेल्या खेपेपेक्षा कमी! आता काय डोकं आपटून घ्यायचं?

"वच्छला, खरं सांग. करंज्या खातेस ना?"

"खातो जी. सकाळी एक, सांजेले एक."

"मग जातात कुठे त्या?"

वच्छला पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग हळूच म्हणाली, "अजून किती दिस खाच्या हायेत जी?"

झालं! नर्सबाईंच्या डोक्यात तिडीकच उठली. या करंज्यांसाठी त्यांनी काय कमी डोकेफोड केली होती? दोन वर्षांमागे वच्छलाचं पहिलं लेकरू मूठभर जन्मलं आणि डोळे न उघडताच गेलं. या वेळी तसं होऊ द्यायचं नाही, असं नर्सबाईंनी मनाशी घट्ट धरलं होतं. पण दूध दिलं की पोरगी ओकायची, अंडं दिलं की ओकायची. वरखाणं म्हणून पोटात ठरायचं ते फक्त बोर. तेव्हा त्यांनीच बोरकुटाच्या करंजीची युक्ती काढली. वाळल्या बोरांचं कूट, गूळ, तीळ आणि भाजलेले शेंगदाणे, वरून कणकेची पारी, आणि जवसाच्या तेलात तळण. दाण्यानं अंग भरतं, गुळातिळानं रक्त वाढतं, तेलानं ताकद येते, असं सगळं त्यांनी वच्छलाच्या सासूला, रंभाबाईंना, घसा कोरडा होईस्तोवर समजावलं होतं.

रंभाबाई तेव्हा अडूनच बसल्या होत्या. "दिवाळी नाही, पोळा नाही, अन् मी कढई चढवू? लोक काय म्हनतीन जी?"

"अहो, सण समजू नका, औषध समजा! औषध!" नर्सबाई कावून ओरडल्या होत्या.

तेव्हा कुठे रंभाबाई गंभीर झाल्या. "औषध असन तं देईन जी. टायमावर देईन," म्हणाल्या.

आणि आता हे! नर्सबाईंनी वच्छलाला सोबत घेतलं आणि तरातरा तिच्या घराकडे निघाल्या. वाटेत वच्छला सासूबद्दल एकदाच बोलली. "आत्याले रागवू नोका जी. त्या लय जपतात मले." नर्सबाईंचा संशय आणखीच पक्का झाला. एवढी सारवासारव कोण कशाला करेल? वच्छलाचा नवरा डोमा तुमसरकडे कामाला, आठवड्यानं घरी यायचा. म्हणजे घरात खाणारं तोंड एकच उरलं.

रंभाबाई अंगणात सुपानं तांदूळ पाखडत होत्या. नर्सबाई बघतच राहिल्या. म्हातारीचे गाल आत गेलेले, बांगड्या कोपराकडे घसरलेल्या. करंज्या हिच्या पोटात जात असत्या तर ही अशी वाळली असती का? संशयही धड टिकेना, याचा नर्सबाईंना जास्तच राग आला.

"रंभाबाई, करंज्या दाखवा मला."

रंभाबाईंनी हात धुतले. कोनाड्यात खोकल्याच्या बाटलीशेजारी पांढऱ्या फडक्यात गुंडाळून ठेवलेल्या करंज्या त्यांनी दोन्ही हातांनी काढून आणल्या. नर्सबाईंनी एक मोडली. बोरकूट भरपूर, गूळ भरपूर, दाणे भरपूर. नाव ठेवायलाही जागा नव्हती.

"एक टाइम चुकला नाही जी," रंभाबाई म्हणाल्या. "मले डोमाची आन हाये. माह्या डोळ्यापुढं खाते."

"मग पोरगी वाळते कशी?" नर्सबाईंचा आवाज चढला. "ताटात काय वाढता हिच्या? भात किती, वरण किती?"

रंभाबाई दचकल्या. कोणी भलताच आळ घ्यावा तसं त्यांनी पाहिलं.

"भात? भात कसा देईन जी? तुमीच तं औषध म्हनलं ना! औषध चालू असल्यावर पथ्य नोको? आमचा वैद्य साध्या पुडीले भात बंद करते. हे तं लेकराचं औषध. भात बंद केला, वरण बंद केलं, वांगं बंद केलं. पेजेचं पानी देतो तेवढं. मांगते बिचारी, भातासाठी रडते, माह्या जिवाचं पानी होते. पन पहिलं लेकरू गेलं जी. हे नाही जाऊ द्याचं मले."

नर्सबाई ओट्यावर टेकल्या. करंजीत काय काय आहे ते सगळं त्यांनी सांगितलं होतं. भाताचं काय सांगायचं? भात तर माणूस खातंच! तोंडापर्यंत आलेला राग कुणावर काढावा ते त्यांना कळेना. दारात उभी वच्छला सुपातल्या तांदळाकडे बघत होती.

"चूल पेटवा," शेवटी त्या म्हणाल्या. "आत्ताच्या आत्ता. भात टाका, वरण टाका. करंजी त्याच्यावर. या औषधाला पथ्य नाही, रंभाबाई. कळलं? काही पथ्य नाही!"

रंभाबाईंनी डोळ्याला पदर लावला आणि घाईनं सूप उचललं. उचलताना सूप त्यांना पेललं नाही, तांदूळ सांडले. नर्सबाईंनी चटकन मनगट धरलं. नुसतं हाडच हाती आलं.

"अन् तुम्हाला काय झालंय हो? तुम्ही कशानं अशा वाळलात?"

रंभाबाई ओशाळल्या. सुनेला ऐकू जाऊ नये म्हणून आवाज अगदी खाली आणून म्हणाल्या,

"तिले पेज देऊन मी भात कसा खाऊ जी?"