मापाच्या बांगड्या

"जावयाचा हार कुठे ठेवलायस?" सहस्रबुद्धेकाकूंनी विचारलं, आणि ऋजुताच्या आईकडे हळदीकुंकवाला जमलेल्या टोरोंटोच्या मराठी बायका हलव्याच्या दागिन्यांच्या डब्याकडे बघायला लागल्या. ऋजुताची लग्नानंतरची पहिली संक्रांत होती. तिच्या शेजारी काळी साडी नेसून बसली होती तिची बायको, मरिसोल.

त्या लग्नाला ऋजुताची आई गेली नव्हती. "परक्या देशात तीस वर्षं सगळं जपलं, ते हे बघायला?" एवढंच ती फोनवर म्हणाली होती. त्याआधी मरिसोल एकदाच या घरी जेवायला आली होती. आईनं पोळ्या वाढल्या, आग्रहही केला, पण तिच्या तोंडाकडे एकदाही पाहिलं नाही. त्यामुळे "संक्रांतीला दोघी या" हा आईचा निरोप ऋजुतानं पुन्हा पुन्हा वाचला होता.

"जावई कुठून आणू, काकू? दोघी मुलीच आहेत की," आई म्हणाली आणि तिनं डब्यातून दोन सारखे साज काढले. काकूंनी हातातला तिळगूळ तोंडात टाकला.

ऋजुताच्या बांगड्या घट्ट झाल्या, हातातच अडकल्या. मरिसोलच्या मात्र अलगद चढल्या, हलव्याचा एकही दाणा न सांडता.

"हिचं माप तुला कुणी दिलं?" ऋजुतानं विचारलं.

आई मरिसोलच्या मागे उभी राहून हाराचा दोरा बांधत होती.

"त्या दिवशी मी मान वर केली नाही," ती म्हणाली. "जेवणभर हिचे हातच बघत होते."