सातवा सेन्सर

सर्किटवर चिमुकले भाग बसवणाऱ्या यंत्राला आठ नोझल होती. हवेच्या ओढीने भाग उचलणाऱ्या या नोझलचे सेन्सर शून्यावर आणायचं काम आज पहिल्यांदाच तिच्या एकटीवर सोपवलं होतं. तिचे पाय जमिनीवर ठरत नव्हते.

सहा सेन्सर पटापट जुळले. सातव्याचा आकडा मात्र तिच्या श्वासाबरोबर वर जात होता, खाली येत होता. गंमत म्हणून तिने श्वास रोखला. आकडाही थांबला.

"काका, हे बघायला या," तिने हसतच हाक मारली.

"आता काय बघायचं? हवेची नळी मी सकाळीच काढून ठेवलीय," पलीकडून फिटरकाका म्हणाले.

तिने पुन्हा श्वास रोखला. या वेळी ओठ मिटून नाकही दाबलं. आकडा क्षणभर थबकला आणि सावकाश चढू लागला.

तसतशी तिची छाती भरत गेली.