बिनकामाचं टेबल

जावकबाईंनी पान उलटलं. साहेब समोर येऊन उभे आहेत हे त्यांना दिसलं होतं, पण नियम अर्धा वाचायचा राहिला होता.

साहेबांना उभंच राहावं लागलं, कारण या टेबलासमोर दुसरी खुर्ची नव्हती. ती त्यांनीच चार महिन्यांपूर्वी उचलायला लावली होती. बाहेर जाणाऱ्या पत्रांची नोंद बाई बावीस वर्षं ठेवत होत्या, म्हणून सगळे त्यांना जावकबाई म्हणायचे. त्यांचं रजिस्टर काढून घेतलं, फोन काढला, टेबल खिडकीजवळून हलवून हॉलच्या टोकाला कपाटांच्या आडोशाला टाकलं. साडेनऊला यायचं, साडेपाचला जायचं आणि मधले आठ तास माशा मारायच्या. ‘‘कंटाळून आपणहून जाईल,’’ असं साहेब म्हणाले होते, आणि बाईंना ऐकू जाईल अशा बेतानेच म्हणाले होते.

गुन्हा एवढाच, की बाईंनी सही केली नव्हती. ऑफिसातले म्हातारे शिपाई, सगळ्यांचे मामा, जिन्यावरून पडले आणि मांडीचं हाड मोडून घरी पडून होते. अहवालात साहेबांनी लिहायला लावलं, की ते दारू प्यायले होते. म्हणजे ऑफिसकडून मिळणारा उपचारांचा खर्चही गेला आणि नोकरीही. विभागातल्या सातही जणांच्या सह्या झाल्याशिवाय अहवाल पुढे जात नव्हता. सहा झाल्या. बाईंना मात्र पक्कं ठाऊक होतं की पायरीच तुटलेली होती. ती दुरुस्त करा म्हणून तीन पत्रं त्यांनीच नोंदवून पाठवली होती. आणि मामा दारूला शिवतही नसत, त्यांना तर खोकल्याचं औषधसुद्धा चढायचं. आता बाई विभागातून गेल्या, की सातव्या सहीची कटकटच मिटणार होती.

कंटाळा ही काय चीज आहे, ते बाईंना पहिल्याच आठवड्यात कळलं. पंख्यावरचे गंजाचे ठिपके मोजून झाले. वर्तमानपत्र आणलं, ते बंद झालं. शब्दकोडी सुरू केली, तीही बंद. मग नातवाचे मोजे विणायला घेतले, तर एक मोजा पुरा व्हायच्या आत साहेबांनी सुया जप्त केल्या आणि लेखी आदेश काढला, की टेबलावर फक्त कार्यालयीन साहित्य दिसलं पाहिजे. त्या दिवशी बाई घरी जाऊन रडल्या, खोटं कशाला बोला. दुसऱ्या दिवशी त्यांनी कपाटावरचं सेवानियमांचं जाडजूड पुस्तक खाली उतरवलं, धूळ झटकली आणि पहिल्या पानापासून वाचायला बसल्या. साहेबांना तेव्हा हसू आवरलं नव्हतं.

आता त्यांना हसू येत नव्हतं. गेल्या महिन्यात दोघांनी नाकारलेल्या रजा नियमाचा आकडा घालून पुन्हा मागितल्या आणि साहेबांना त्या मुकाट्याने द्याव्या लागल्या. हा आकडा पाण्याच्या पिंपाशी कोण कुजबुजतं, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

साहेबांनी एक टाइप केलेला कागद उघड्या पुस्तकावर ठेवला. ‘‘राजीनामा आहे. खाली सही करा. चार महिने फुकट बसलात, मी काही बोललो नाही.’’

‘‘मी अजून बसेन की, साहेब.’’

‘‘काम नसलेल्या माणसाला ठेवता येत नाही, बाई. नियम आहे तसा.’’

‘‘आहे ना. नियम चौऱ्याऐंशी. पण काम कुणी काढून घेतलं आणि का, ते आधी त्याने स्वतःच्या सहीने लिहून द्यावं लागतं. उजवीकडचं पान, खालून तिसरी ओळ.’’

साहेबांनी पुस्तक ओढून घेतलं. पानं उलटली, चौऱ्याऐंशी सापडला, बोट खालून वर तीन ओळी चढलं. त्यांचे कान लाल झाले. हॉलमधली टकटक केव्हाच थांबली होती.

‘‘हे पुस्तक आजपासून माझ्या केबिनमध्ये राहील,’’ साहेब म्हणाले.

‘‘न्या की,’’ बाई म्हणाल्या. ‘‘माझं पाठ झालंय.’’

कुणीतरी हसू खोकल्यात दडवलं. साहेब पुस्तक काखोटीला मारून तरातरा निघाले. बाईंसमोर आता तो सही न झालेला राजीनामा तेवढा उरला. त्यांनी तो चार घड्या घालून टेबलाच्या डुगडुगणाऱ्या पायाखाली सरकवला. ते बघायला आसपास कुणी नव्हतं, गेले चार महिने नव्हतंच.

तेवढ्यात टायपिस्ट मुलगी जागेवरून उठली. मामांचा अहवाल तिनेच टाइप केला होता, त्यावर पहिली सही तिचीच होती, आणि तेव्हापासून ती बाईंच्या नजरेला नजर देत नव्हती. काही विचारायचं तर पिंपाशी जाऊन, हळू आवाजात, असा सगळ्यांचा शिरस्ता. ही मात्र हॉलच्या मधोमध उभी राहिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली,

‘‘ताई, केलेली सही मागे घेता येते का हो?’’

साहेब केबिनच्या दारातच थबकले.

‘‘येते,’’ बाई म्हणाल्या. ‘‘नियम एकशे बारा. अहवाल पुढे जायच्या आत अर्ज द्यायचा. ये, मी सांगते तसा लिही. आणि येताना खुर्ची घेऊन ये, इथे नाहीये.’’

फरशीवर खुर्ची ओढल्याचा आवाज झाला. मग आणखी एक ओढल्याचा.