रविवारचे दोर

एका पत्राला मी तीस वर्षं उत्तर दिलं नाही. मी जनावरांच्या दवाखान्यात मदतनीस होतो. बदली होऊन दुसऱ्या गावी गेलेल्या आमच्या डॉक्टरबाईंनी लिहिलं होतं, ‘इथला माणूस अडलेल्या गाईचं वासरू दोर लावून नुसता ओढत सुटतो. कळ आली की ओढायचं, थांबली की थांबायचं, हे तुम्हाला कधी सांगावं लागलं नाही. इथे जागा आहे. याल?’ मी मसुदे लिहून फाडत राहिलो. निवृत्तीनंतरही, आम्ही दोघं वासरं ओढायला वापरायचो ते दोर मी दर रविवारी उकळून वाळत घालतो. आज बहीण म्हणाली, “दादा, घरात मांजरसुद्धा नाही. कुणाचं बाळंतपण काढणार आहेस?” मी पत्र तिच्या हातात दिलं. तिनं चष्मा लावून दोनदा वाचलं. “पत्ता बदलला असेल तर उत्तर परत येईल. त्यात काय एवढं?” मी लिहिलं, ‘मला यायचं होतं.’ आणि खाडाखोड करण्याआधी पाकीट टपालपेटीत टाकलं.