आधी कुणाकडे बघतात

"घरात थोडा आवाज असू दे गं," सासूबाई म्हणाल्या होत्या. "इतकं चिडीचूप ठेवशील, तर कुणाला ऐकू येतंय आणि कुणाला नाही, हेसुद्धा कळायचं नाही."

"हो, हो," असं म्हणत तिने रिमोटवरचं आवाज बंद करायचं बटण दाबलं होतं. बाळ तेव्हा दोन महिन्यांचं होतं आणि पंखा कुरकुरला तरी जागं व्हायचं. दारावरची घंटाही तिने काढून ठेवली. फोन नुसता थरथरायचा.

दुपारी बाळ मांडीवर झोपलं की ती मालिका बघायची. पहिले काही दिवस कशाचाच अर्थ लागत नव्हता. मग लागायला लागला. खोटं बोलणारा वाक्य संपल्यावर आवंढा गिळतो. भांडायला आलेली बाई आधी केस मागे सारते. आणि एक गोष्ट तर तिने स्वतःच शोधून काढली. खोलीत वाईट बातमी आली, की माणसं बोलणाऱ्याकडे बघत नाहीत. बातमी ज्याच्याबद्दल आहे त्याच्याकडे बघतात. अगदी क्षणभर, पण बघतातच.

संध्याकाळी नवरा आला की ती दुपारची कथा सांगायची.

"धाकट्याची नोकरी गेली."

"आवाज लावला होतास?"

"छे. सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं ना! तो बिचारा जेवत बसला होता, त्याला पत्ताच नव्हता."

"पोलिसात भरती हो तू." नवरा वाकून बुटांच्या नाड्या सोडत होता. आणखी काहीतरी पुटपुटला.

"काय?"

त्याने मान वर केली. "म्हटलं, चहा टाक. हल्ली सगळं दोनदा सांगावं लागतं तुला."

"मग माणसाने तोंडातल्या तोंडात बोलू नये."

तसा तो गुणी होता. रात्री बाळ उठलं की त्यालाच आधी जाग यायची. तिला बहुतेकदा सकाळीच कळायचं. मैत्रिणी म्हणायच्या, नशीब काढलंस हो.

बाळ दहा महिन्यांचं झालं तेव्हा तिच्या मनाने घेतलं, की ते बोलत नाही. ओठ हलायचे, मिटायचे, पुन्हा उघडायचे, पण बाहेर काही येत नव्हतं. या वयात मुलं बा-बा, दा-दा करतात, असं पुस्तकात होतं. आणखीही एक होतं. कानाचा दोष लवकर कळला तर उपाय असतो, उशीर झाला की बोलणं मागे पडतं. त्या पानाला तिने घडी घालून ठेवली होती.

"बडबडतो की!" सासूबाई म्हणाल्या. "सकाळपासून डोकं खाल्लंय माझं."

आजीला काय, नातवाची जांभईसुद्धा भाषण वाटणार.

तिने बाळाच्या मागे जाऊन टाळी वाजवली. बाळ वळलं. हवा लागली असेल. तिने चमचा जमिनीवर आपटला. बाळ पुन्हा वळलं. जमीन हादरली असेल. शिवाय ते सारखं तिच्या तोंडाकडेच बघायचं. ती स्वतः मालिकेतल्या माणसांकडे बघायची, अगदी तसंच.

इतके महिने आपण त्याच्या कानावर काही पडूच दिलं नाही, असं तिला वाटत राहिलं. सासूबाईंचं तेव्हाच ऐकलं असतं, तर केव्हाच लक्षात आलं असतं.

कानांच्या डॉक्टरबाईंनी दोघांना आत बोलावलं, चार प्रश्न विचारले आणि बाळाकडे पाहिलं. "आई समोर असली की हा आईलाच बघत बसणार. बाबांच्या मांडीवर द्या. तुम्ही जरा बाहेर बसा."

काचेचं दार सरकून बंद झालं. काच इतकी लख्ख पुसलेली होती, की पलीकडचं सगळं टीव्हीवर दिसावं तसं दिसत होतं. तिला ते बघवेना. ती दाराकडे पाठ करून बसली.

समोरच्या भिंतीवर टीव्ही होता. इथलाही मुकाच. एक जाडा माणूस बायकोला काहीतरी म्हणाला. शेजारी एक आजोबा वर्तमानपत्रात डोकं खुपसून बसले होते. ते खुदकन हसले. पेपरात काही गमतीचं आलं असावं.

बराच वेळ गेला. आजोबांनी तिच्या कोपराला बोट लावलं आणि मागे खूण केली.

ती वळली. डॉक्टरबाई दारापाशी उभ्या होत्या. नवरा त्यांच्या बाजूला होता आणि बाळ त्याच्या कडेवर. डॉक्टरबाईंनी फाइल तोंडासमोर धरली होती. नुसते डोळे दिसत होते. वाईट बातमी देताना माणसं तोंड झाकतात, हेही तिने टीव्हीवर पाहिलं होतं.

फाइल खाली आली. नवऱ्याचा चेहरा उतरला.

म्हणजे खरंच. तिने ओढणीचं टोक मुठीत घट्ट धरलं. आता ते बाळाकडे बघतील. क्षणभरच, पण बघतील. आणि ते आपल्याला दिसणार.

बाळाकडे कुणीच पाहिलं नाही. दोघंही तिच्याकडे बघत होते.

दार सरकवायला तिने हात पुढे केला. हाताला काच लागलीच नाही. दार केव्हाचं उघडं होतं.

तुमच्या घरात कुणी बाळंतीण असेल, बाळ शांत आणि आई न सांगता सगळं ओळखणारी, तर आज एकदा तिच्या पाठीमागे उभे राहा आणि अगदी हळू तिला हाक मारून बघा.